मधली खुर्ची

डियोलिंडा बोर्जेसची जागा लहानपणीच ठरून गेली होती: डॉक्टर आणि म्हातारी यांच्या मधली खुर्ची. ती सात वर्षांची असताना मायने तिला पहिल्यांदा तिथे बसवलं आणि म्हणाली, "डॉक्टर काय म्हणतो ते मला सांग, आणि मी काय म्हणते ते त्याला." पाय जमिनीला टेकत नव्हते, पण इंग्रजी येत होतं. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून कॅलिफोर्नियात गाई दुभायला आलेल्या आमच्या लोकांचा इथे जन्म गेला, तरी इंग्रजी काही जिभेवर बसलं नाही. गाईंशी बोलायला ते लागत नाही. चर्चमध्ये, दुकानात, सणाच्या हॉलमध्ये सगळे आपलेच. अडायचं ते फक्त दवाखान्यात. मग शाळेत जाणारं एखादं पोर उचलायचं आणि मध्ये बसवायचं. डियोलिंडा नीट सांगते, पदरचं घालत नाही आणि काही गाळतही नाही, अशी तिची ख्याती झाली आणि ती सगळ्या गावाची पोर झाली. कुणाची साखर, कुणाचा गुडघा, कुणाच्या अशा तक्रारी की ज्या शाळकरी पोरीच्या कानावरसुद्धा पडू नयेत, हे सगळं तिने त्या खुर्चीवरून इकडून तिकडे पोचवलं.

एकोणीस वर्षांची असताना ती मायसाठी तिथे बसली. डॉक्टर कागदाकडे बघत बोलला. डियोलिंडाने ऐकलं आणि आईला आपल्या भाषेत सांगितलं की गाठ पसरली आहे, आता कापून उपयोग नाही. मायने हातातली पिशवी मांडीवर सरळ केली आणि म्हणाली, "त्याला सांग, आभारी आहे." तेही तिने सांगितलं. त्यानंतर मायला विचारायचं होतं, दुखेल का, खाता येईल का, पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत उभं राहता येईल का. डियोलिंडाला उत्तरं ठाऊक नव्हती, आणि ज्याला ठाऊक होती तो पुढच्या खोलीतल्या रोग्याकडे गेला होता. ज्याला कळतं त्यानेच सांगावं, आपल्या भाषेत, आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नये, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी तिच्या मनात रुतून बसली. ती तिने कुणालाही सांगितली नाही. बापाला तर नाहीच.

पुढची वीस वर्षं वासरांत गेली. बाप सेराफिम दुभत्या गाई बघायचा आणि ती वासरं. नुकत्या जन्मलेल्या वासराला चीक पाजणं, हगवण लागलेल्याला मीठ-साखरेचं पाणी देणं, बादल्या धुणं, पुन्हा बादल्या धुणं. मध्ये एक लग्न झालं आणि मोडलं. त्याविषयी कुणी विचारलंच तर "नासलं," एवढंच ती म्हणते आणि कामाला लागते.

चाळिशी उलटल्यावर एक दिवस ती महामार्गालगतच्या कम्युनिटी कॉलेजात गेली आणि डॉक्टरकीच्या आधी लागणाऱ्या विषयांना नाव घालून आली. या कॉलेजात कुणी कुणाला वय विचारत नाही. शेजारच्या बाकावर रात्रपाळी करून आलेला ट्रकवाला असतो, पोर कडेवर घेऊन आलेली आई असते आणि शाळा संपवून आलेलं शेंबडं कार्टंही असतं. जीवशास्त्र तिने हसतखेळत पार केलं. साधं रसायनशास्त्र दमवून गेलं, पण गेलं. सेंद्रिय रसायनशास्त्र मात्र तिच्या पाचवीलाच पुजलेलं. पहिल्या खेपेला सेराफिम शेडमध्ये घसरून पडला, त्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती वर्ग सोडून घरी बसली. दुसऱ्या खेपेला नापास झाली. अर्धा दोष वासरांचा आणि अर्धा मधल्या खुर्चीचा. मंगळवारी प्रयोगाचा तास, आणि नेमकी मंगळवारीच कुठल्या ना कुठल्या तियाला डॉक्टरची वेळ मिळायची. तिया म्हणजे मावशी, पण आमच्याकडे साठी ओलांडलेली प्रत्येक बाई तियाच. डियोलिंडा खेचराएवढ्या हट्टी गाईला ढकलू शकते, पण तियाला नाही म्हणू शकत नाही. "तेवढं येशील ना गं बाळा?" म्हटलं की ही गाडीची किल्ली शोधायला लागते.

आता ही तिसरी खेप, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे शेवटची. या वेळी निदान 'सी' मिळाला नाही तर डॉक्टरकी विसरायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वेळी तिने एकही तास बुडवला नव्हता. तीन तियांना फोनवरच्या दुभाष्याच्या भरवशावर सोडलं होतं, आणि तिघीही तिच्याशी चर्चमध्ये बोलत नव्हत्या.

सेराफिम या सगळ्याला "तो चहा उकळायचा वर्ग" म्हणायचा, कारण एकदा तिने घरी सांगितलं होतं की शेवटच्या परीक्षेत चहातून कॅफिन काढायचं असतं. "चहा उकळायला कॉलेज कशाला? तुझी आजी न शिकता उकळायची," तो म्हणायचा. का शिकतेस, हे त्याने कधी विचारलं नाही. पण मंगळवारी ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा वासरांच्या बादल्या धुऊन, पालथ्या घालून ओळीने ठेवलेल्या असायच्या. त्या खुब्याने.

"बादल्या कुणी धुतल्या?"

"मला काय ठाऊक? पाऊस पडला असेल," म्हातारा म्हणायचा. बाहेर महिनाभर ढग फिरकलेला नसायचा.

परीक्षेच्या मंगळवारी ती पहाटेच एका अडलेल्या गाईला सोडवून, कोपरापर्यंत हात धुऊन कॉलेजात पोचली. बाई होत्या मिसेस हॅगोपियन: ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि आवाज असा की उकळतं पाणीसुद्धा थांबावं. फळ्यावर त्यांचं एक वाक्य वर्षभर लाल खडूने लिहिलेलं असायचं: 'मला दाखवल्याशिवाय काहीही फेकायचं नाही.' शेजारच्या टेबलावर पा कू नावाची, लाओसहून आलेल्या ह्मॉन्ग लोकांतली मुलगी होती. ती एकोणीस वर्षांची, आणि तिच्या लोकांच्या रीतीप्रमाणे डियोलिंडाला आंटी म्हणणारी.

"आंटी, हात का थरथरतायत?"

"थरथरत नाहीत. पहाटे वासरू ओढून काढलंय, दमलेत ते."

"शी! मला नका सांगू. मी अजून काही खाल्लेलं नाही."

काम तसं सोपं. चहाच्या पुड्या धुण्याच्या सोड्याबरोबर उकळायच्या, तो काळपट चहा थंड करून खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात ओतायचा, त्यात मोजून दिलेलं द्रावक घालायचं, हलक्या हाताने हलवायचं आणि स्टँडवर टांगून वाट बघायची. कॅफिन चहातून निघून द्रावकात जातं. मग दोन थर वेगळे होतात आणि तोटी उघडून खालचा थर आधी काढून घेता येतो.

थर छान वेगळे झाले. वरती दाट तपकिरी, खाली नितळ पाण्यासारखा. डियोलिंडाने तोटी उघडली, खालचा थर ग्लासात घेतला, तोटी बंद केली. मग ग्लास उचलला, कोपऱ्यातल्या टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत रिकामा केला, विसळला आणि पालथा घातला. हे सगळं तिच्या हातांनी केलं. डोकं कुठे होतं देव जाणे. गवळ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला दोन गोष्टी आईच्या दुधाबरोबर पाजलेल्या असतात. एक, सत्त्व वर येतं आणि खाली राहतं ते पाणी. दोन, भांडं रिकामं झालं की तिथल्या तिथे धुवायचं, नाहीतर पुढचं दूध नासतं. आधीच्या प्रयोगांत द्रावक पाण्याहून हलकं असायचं आणि वरच तरंगायचं, तेव्हा दोन्ही सवयी खपून गेल्या. आजचं द्रावक पाण्याहून जड होतं. आज साय खाली बसली होती.

पा कूने मान वळवून बघितलं. "आंटी, खालचं कुठे ठेवलंत?"

डियोलिंडाने पालथ्या ग्लासाकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या बाटलीकडे, जिच्यात सगळ्या वर्गाची घाण एकत्र झाली होती. तिचे कान तापले. तिसरी खेप. वीसहून जास्त वर्षं मनात ठेवलेली गोष्ट तिने स्वतःच्या हाताने गटारात ओतली होती आणि वर ग्लासही विसळून ठेवला होता.

"फेकलं," ती म्हणाली.

पा कूने बाईंकडे पाठ केली आणि कुजबुजली, "माझं भरपूर निघेल. अर्धं तुम्हाला देते. पांढरी पूड ती पांढरी पूड, तिच्यावर कुणाचं नाव असतं का?"

मोह झाला, खोटं कशाला सांगा. पोरीचा चेहरा इतका प्रेमळ होता की तिला नाही म्हणणं तियांना नाही म्हणण्याइतकंच कठीण. पण ज्या कामासाठी आपण इथे आलो, त्या कामात कुणीतरी दुसऱ्याची पूड आपली म्हणून दाखवली तर काय होईल, हे डियोलिंडाला चांगलंच कळत होतं.

"तुझं तू सांभाळ, चोरटे," ती म्हणाली. "आणि आधी काहीतरी खा जाऊन."

मग ती नुसतीच उभी राहिली. समोर नरसाळ्यात चहा तसाच टांगलेला होता. तो बघता बघता तिला सेराफिम आठवला. दूध काढायचं यंत्र निघालं की तो अजूनही गाईखाली वाकतो आणि चार बोटांनी शेवटच्या धारा काढतो. शेजारचे हसतात, यंत्राने काढल्यावर काय उरतं? म्हातारा म्हणतो, "कास एका खेपेत कधी रिकामी होत नाही." आणि खरंच ओंजळभर फेसाळ दूध निघतं. मग पुस्तकातलं पानही आठवलं: पहिल्या खेपेत बहुतेक कॅफिन जातं, सगळं नाही. थोडं चहातच राहतं.

ती बाईंच्या टेबलापाशी गेली. "मी खालचा थर फेकला. चहा आहे अजून. पुन्हा धुवून बघायचाय. द्रावक मिळेल का?"

मिसेस हॅगोपियननी चष्मा डोळ्यांवर चढवला. "फळ्यावर काय लिहिलंय?"

"वाचलंय."

"वर्षभर वाचताय. जास्तीचं घेतलंत तर गुण कापीन."

"कापा," डियोलिंडा म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने तोटी जपून उघडली. खालचा थर ग्लासात घेतला आणि तो ग्लास सोडलाच नाही. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कामं केली. गरम पाण्यावर द्रावक उडून गेलं आणि तळाला हिरवट पांढरी झाक राहिली. खरवडून कागदावर घेतली तर नखावर मावेल एवढी. बाकीच्यांच्या कागदांवर चिमूटचिमूट पूड होती. बाईंनी तिचा कागद उजेडात धरला.

"माशीसुद्धा जागी राहणार नाही एवढ्यावर," त्या म्हणाल्या. "बाकीचं कुठाय?"

"कोपऱ्यातल्या बाटलीत. चूक माझी. सवयीने केलं."

"कसली सवय?"

डियोलिंडाने सायीचं आणि बादल्यांचं सांगितलं. बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी पुडीचा वितळबिंदू तपासायला लावला. तो बरोबर आला, म्हणजे पूड खरी कॅफिनचीच होती. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "जा आता. गाई वाट बघत असतील."

संध्याकाळी सेराफिम वासरांच्या शेडमध्ये बादली विसळताना रंगेहाथ सापडला. तो काहीतरी सबब शोधत होता, पण लेकीचा चेहरा बघून थांबला.

"उकळला का चहा?"

तिने सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. आधी त्याच्या मिश्या हलल्या, मग पोट, आणि मग त्याला कुंपणाचा आधार घ्यावा लागला. "साय ओतून दिलीस! माझी पोर, सेराफिम बोर्जेसची पोर, साय ओतून ताक घेऊन बसली!" माय गेल्यापासून तो असा हसला नव्हता. डियोलिंडाला राग आला, मग हसू आलं, आणि मग ती उलट्या बादलीवर बसून रडायला लागली. हसणं थांबवून तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून त्याने तिच्या डोक्यावरचा पेंढा काढला.

"एवढं काय आहे त्या चहात?" त्याने पहिल्यांदाच विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. मायची पिशवी, आभारी आहे म्हणणं, डॉक्टर निघून गेल्यावर उघडं राहिलेलं दार. "तिला विचारायचं होतं, पापा. मला काहीच सांगता आलं नाही."

सेराफिमने वासरांकडे तोंड फिरवलं. "मी बाहेर गाडीत बसलो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, आत मला काय कळणार." मग तो लंगडत घरात गेला.

पवित्र आत्म्याचा सण त्याच रविवारी होता. सणाला हॉलमध्ये अख्ख्या गावाला फुकट जेवण असतं: मोठाल्या हंड्यांत शिजलेलं गोमांस, पावावर ओतलेला त्याचा रस्सा आणि वर पुदिना. डियोलिंडा मागच्या स्वयंपाकघरात पुदिना निवडत होती तेव्हा खिशातला फोन वाजला. बोटं पुसून तिने बघितलं. 'सी.' त्याहून वर नाही, त्याहून खाली नाही. तिने तो फोन पुदिन्याच्या ढिगात ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा बघितला. शेजारच्या बाईने विचारलं, "कोण गेलं गं?" "कुणी नाही," ती म्हणाली. "पास झाले."

बाहेर सेराफिमला कळलं आणि त्याने टेबलाटेबलावर लंगडत जाऊन सायीची गोष्ट सांगितली. प्रत्येक टेबलावर थोडी लांबवली. शेवटच्या टेबलापर्यंत तिने बादलीभर साय ओतून दिली होती. डियोलिंडा लाजेने लाल झाली, पण त्याला थांबवायला गेली नाही.

तेवढ्यात तिया लुडोविना आली. वय ब्याऐंशी, काळा पोशाख, पाय सुजलेले, आणि रुसव्याला चर्चमध्ये पहिला नंबर. ती डियोलिंडाशी महिनाभर बोलली नव्हती. आता तिने तिचं मनगट धरलं. "तेवढं येशील ना गं बाळा मंगळवारी? हृदयाच्या डॉक्टरकडे जायचंय. फोनवरची ती बाई ब्राझीलची आहे. पोर्तुगीजच बोलते, पण गाणं म्हटल्यासारखी, मला ओ की ठो कळत नाही. गोळी वाढवायची म्हणाली की थांबवायची, तेही समजलं नाही."

मंगळवारी भौतिकशास्त्राचा उन्हाळी वर्ग सुरू होत होता. डियोलिंडाने त्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं त्यातून काय निघणार ते.

"तिला जमायचं नाही," सेराफिम मागून म्हणाला. हातात रश्श्याची वाटी होती. "मंगळवारी तिचा कॉलेजचा वर्ग असतो."

"मग मी काय मरू?"

"मी येतो."

हॉलमधल्या चार टेबलांवरच्या माना वळल्या. तिया लुडोविनाने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू? तुला गाईचा भाव सोडून इंग्रजीत काय येतं?"

"तेवढं बास आहे. अर्धं, पूर्ण, सकाळ, रात्र, हे येतं. बाकीचं लिहून घेईन आणि हिच्याकडून संध्याकाळी समजून घेऊ. कळेपर्यंत डॉक्टरला मी उठू देणार नाही. दारात खुर्ची लावून बसेन."

"पापा, तुमचा खुबा..." डियोलिंडा म्हणाली.

"खुब्याने बोलायचं नाहीये मला," म्हातारा म्हणाला आणि तियाला जेवायला घेऊन गेला.

मंगळवारी ती वर्गात बसली, पण अर्धं लक्ष दवाखान्यात होतं. संध्याकाळी घरी आली तेव्हा सेराफिम सणाचाच कोट घालून पायरीवर बसला होता. मागे बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. वाकड्यातिकड्या अक्षरांत गोळीचं नाव होतं आणि खाली अर्ध्या गोळीचं चित्र.

"अर्धी. सकाळी. तीनदा विचारलं त्याला. घामाघूम झाला बिचारा."

तिने कागद वाचला. गोळीचं नाव बरोबर होतं आणि अर्धी हेही तिला पटलं. तरी तिने लगेच दवाखान्यात फोन करून खात्री केली. मग ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"कुठे बसलात तुम्ही?"

"तुझ्या खुर्चीत. फार कडक आहे गं ती." त्याने खुबा चोळला. "डॉक्टरने विचारलं, नेहमी मध्ये बसते ती बाई कुठाय? मी इंग्रजीत सांगितलं. रस्ताभर जुळवत गेलो होतो."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, येणार आहे ती. पण इथे नाही बसणार." त्याने हाताने समोर दाखवलं, जिथे डॉक्टरची खुर्ची असते तिथे. "तिथे."

डियोलिंडाने कागदाची घडी घातली. मग तिने विचारलं, "तो काय म्हणाला?"

"बरंच काही बोलला. हातही मिळवला माझ्याशी," सेराफिम कोट काढत म्हणाला. "काय म्हणाला ते मला कुठून कळणार? मध्ये कुणी बसलेलं नव्हतं."